तुम्ही विचारलंत म्हणून : जीप मिरवणुकीत का नसते?

ऑगस्ट संपत आला की मराठवाडा मुक्तिदिनाच्या मिरवणुकीसाठी माझ्या जुन्या मिलिट्री जीपचे फोन सुरू होतात. "सतरा सप्टेंबरला जीप आणताय ना?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का हो, बंद आहे का?" बंद नाही. परवाच चालू केली होती. मग समोरचा जरा थांबतो आणि आवाज उतरवून विचारतो, "काही राजकारण आहे का?" दरवर्षी मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटतो. बॅटरी उतरली, टायर आले नाहीत, घरी पाहुणे आहेत. यंदा सगळं लिहून टाकतो. पुढच्या वर्षी फोन आला की हेच वाचायला देईन.

आधी रणगाड्याचं निस्तरतो, कारण जीपचं विचारणारे निम्मे लोक त्याचंही विचारतात. नळदुर्गच्या खाली बोरी नदीत पोलीस ॲक्शनच्या वेळचा, म्हणजे 1948 ला भारताची फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली तेव्हाचा, एक रणगाडा रुतून बसलाय, हे मी लहानपणापासून ऐकतोय. सांगणाऱ्याने तो कधीच पाहिलेला नसतो, त्याच्या मामाने पाहिलेला असतो. नदी आटल्यावर मी सांगितलेल्या जागा पालथ्या घातल्यात. एका ठिकाणी मळीच्या टाकीचा पत्रा निघाला, दुसऱ्या ठिकाणी रोडरोलरचा ड्रम. आता तुम्हीच बघा. 13 सप्टेंबर 1948 ला बोरीवरचा पूल फौजेच्या हाती शाबूत लागला, नळदुर्गला मिळालेलं मोठं यश तेच. पूल उभा असताना तीस टनांचा शर्मन नदीत घालायला कुणाला वेड लागलं होतं? त्याच दुपारी चिलखती तुकडी इकडे उमरग्यात पोचलीसुद्धा होती. रणगाडेच बघायचे असतील तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. सेंच्युरियन आहे, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे. आपल्या भागात मिळाल्या तर जीपा मिळतात आणि ट्रक मिळतात, तेही कडब्याच्या गंजीखाली.

जीप कुठे मिळाली आणि तिच्यापायी घरात काय काय झालं, त्यात जात नाही. दुष्काळात पाण्याला पैसा नाही आणि हा भंगारात घालतोय, हेही ऐकून झालंय. खरंच आहे ते.

पण एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझी जीप फोर्डची आहे, 1944 ची. विलिस आणि फोर्ड दोघांनी एकाच नकाशावरून लाखोंनी जीपा बनवल्या. पण फोर्डवाल्यांनी आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी एफ ठोकला. दुसरी खूण पुढून खाली वाकलात तर दिसेल. चेसीची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलिस, उलट्या यू-सारखी असेल तर फोर्ड. माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन होतं, दिवे कुठल्याशा टेम्पोचे, वायरिंग बारा व्होल्टचं. मूळ साइड-व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन, साठ हॉर्सपॉवरचं, दुसऱ्याच जीपचं पण त्याच जातीचं, एका विहिरीवर पाणी ओढताना सापडलं. वायरिंग परत सहा व्होल्टवर आणलं. दिवे मूळच्यासारखे बसवले, खटका सैल करून उलटे फिरवता येणारे, म्हणजे रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. एफ नसलेला बोल्ट लावायचा नाही, हा माझा हट्ट. भंगारवाल्यांच्या ढिगात बसून बोल्टची डोकी रॉकेलने पुसत बसायचो. लोक हसायचे.

रंग खरवडला तेव्हा आधी साखर कारखान्याचा पांढरा निघाला, त्याखाली कुण्या ठेकेदाराचा निळा, त्याखाली मिलिट्रीचा हिरवा. डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला तळहाताएवढा तुकडा मी तसाच ठेवलाय, तिन्ही रंग दिसतील असा. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचो आणि एक वाक्य ऐकवायचो, "गाडी काही विसरत नाही."

इंजिन माझ्याने झालं नसतं. ते चाचांनी केलं. हायवेवर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. नवीन गाड्यांना हात लावत नसत, "उसमें कम्पूटर है" म्हणायचे. पण कार्बोरेटर त्यांनी कानाने जुळवावा. एक हात स्क्रूवर, डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी. रिंगा, व्हॉल्व्हची घासणी, पॉइंटची गॅप, सगळं त्यांच्या हातचं. इंजिन पहिल्यांदा धरलं त्या दिवशी मी शेडमध्ये नाचलो होतो. चाचांनी स्क्रू पाव फेरा फिरवला, ऐकलं, परत फिरवला आणि नमाजला निघून गेले. मला वाटलं, म्हातारा माणूस, आनंद दाखवत नाही.

मग सतरा सप्टेंबर आला. गावच्या समितीने सांगितलं की या वर्षी मिरवणुकीत पुढे तुमची जीप, तिच्यात झेंडा, मागे शाळेची मुलं. मी हरखलो. माझे आजोबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आमच्या घरातलं धान्य नेलं, पणजोबांना चावडीसमोर मारलं, हे आमच्या घरात दर दिवाळीला सांगितलं जातं. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, म्हणजे काही परका माणूस नव्हे. तेव्हा ही मिरवणूक माझ्या घरचीच आहे, हे आधी लक्षात घ्या. "हा त्यांच्या बाजूचा झाला" असं माझ्यामागे बोलणाऱ्यांनी तर जरूर घ्या.

मी गाडीवर पांढरा तारा काढला, बंपरवर नंबर टाकला. सोळा तारखेला संध्याकाळी चाचांकडे घेऊन गेलो. पहिल्या सीटवर त्यांनी बसावं आणि उद्या मिरवणुकीतही माझ्या शेजारी असावं, असं माझ्या मनात होतं. हॉर्न दिला. चाचा बाहेर आले. कापडाने हात पुसले. बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकलं, म्हणाले, "जरा रिच चल रही है," म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. आत जाऊन पेचकस आणला, नीट केलं. मी म्हटलं, "चाचा, बसा आता."

"नको."

"अहो, तुमच्या हातची गाडी."

"गाडी चांगली झाली. मी नाही बसत."

मी हसण्यावारी नेलं, हात धरला. तेव्हा त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. शेडमध्ये बाजेवर बसलो. चहा आला, तो तसाच राहिला. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांच्या शब्दांत मला सांगता येत नाही.

ते तेव्हा सात-आठ वर्षांचे. वडील पिंजारी, गाव रस्त्यापासून आत. फौज रस्त्याने पुढे निघून गेली आणि त्यानंतरच्या दिवसांत गावात माणसं आली. काही बाहेरची, काही ओळखीची. वडिलांना आणि आणखी काहींना "चला, नावं लिहायचीत" म्हणून नेलं. ते परत आले नाहीत. आई दोन पोरं घेऊन उभ्या ज्वारीत शिरली. रात्री पाटलाचा सालगडी भाकरी आणून ठेवायचा, बोलायचा नाही. कितवा दिवस ते त्यांना आठवत नव्हतं, पण रस्त्यावर जीपचा आवाज आला. तुम्हाला माहीत असेल, जुन्या जीपच्या ट्रान्सफर गिअरला एक रडका आवाज असतो, लांबून कळतो. आईला वाटलं, सरकारची गाडी आहे, म्हणजे सुटलो. ती पदर हलवत रस्त्याकडे पळाली. जीप थांबली नाही. दुसऱ्या दिवशी परत तोच आवाज आला. या वेळी आई उठली नाही. ही जीप मात्र थांबली. त्यातल्या फौजीने पाणी दिलं आणि त्यांना सोलापूरच्या रस्त्याला लावून दिलं.

"तीच होती का दुसरी, काय माहीत," चाचा म्हणाले. "आवाज एकच."

मी विचारलं, मग इतके महिने तुम्ही या इंजिनावर काम कसं केलंत? मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "तू मजुरी देत होतास की."

दुसऱ्या दिवशी मी गाडी मिरवणुकीत नेली. हे लपवत नाही. कबूल केलेलं होतं, पोरं सकाळपासून थांबली होती, आणि रात्रभर मी स्वतःला बजावत होतो की माझ्या आजोबांचाही या दिवसावर हक्क आहे. आजही मला तो हक्क खोटा वाटत नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, गाव फिरलो. पहिल्या गिअरमध्ये तो आवाज सगळ्यात जास्त येतो. चाचांच्या शेडचं दार लावलेलं होतं. त्यानंतर नेली नाही.

मी नंतर वाचलं. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना 1948 च्या अखेरीस इकडे पाठवलं होतं. त्यांनी मेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. रझाकारांनी आधी काय केलं होतं तेही त्या अहवालात आहे. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही आहेत. अनेक वर्षं तो लोकांसमोर आला नाही. आम्हाला शाळेत या दिवसावर निबंध असायचा, त्यात यातलं काही नव्हतं.

तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो, आणि चांगलाच कोंडीत पकडतो. म्हणतो, लोखंडाला काय ठाऊक? त्या जीपने केलं काय? शिवाय ही जीप त्या रस्त्यावर होती याला पुरावा काय? नाहीच. प्लेटवर 1944 आहे, त्यानंतर माझ्याकडच्या जुन्यात जुन्या कागदावर सोलापूरच्या एका ठेकेदाराचं नाव. मधलं कोरं. मिलिट्रीच्या डिस्पोझलमध्ये, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीत, आलेली असेल, लढाई न बघितलेलीही असेल. "चौधरी साहेब याच जीपमधून आले" असं, म्हणजे फौजेचे जनरल चौधरी, समितीच्या पत्रिकेत छापलं होतं, ते मी खोडायला लावलं. मग जिचा अभिमान पुराव्याशिवाय मिरवायचा नाही, तिची लाज तरी पुराव्याशिवाय का बाळगतोस?

याला मी उत्तर देतो ते असं. एफ नसलेला बोल्ट चालत नाही म्हणणारा, तळहाताएवढा रंग जपणारा, गाडी काही विसरत नाही असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणारा तूच होतास ना? मग तिने कारखाना लक्षात ठेवायचा, ठेकेदार लक्षात ठेवायचा आणि रस्ता तेवढा विसरायचा, हे कसं?

यावर तो गप्प बसत नाही. म्हणतो, चाचांना बसायचं नव्हतं, त्यांनी तुला नेऊ नको असं कुठे सांगितलं? तेही खरं. त्यांनी तसं कधीच म्हटलं नाही. मिरवणुकीनंतरही ते टॅपेट बघायला आले होते, वारेपर्यंत येत होते. तारा मी पुसला, तेव्हा "का पुसलास, चांगला दिसत होता" असंसुद्धा म्हणाले. त्यांना काय वाटलं असेल ते मला आजही सांगता येत नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

कुणी चांगल्या मनाचे लोक मला पळवाट देतात की नियम आडवा येत असेल. येत नाही. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. त्यामुळे तिथेही लपता येत नाही.

यंदा समितीवाले आले तेव्हा मी कार्बोरेटर खोललेला दाखवला. तो खरंच खोललेला होता. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला नसेल जायचं तर मी नेतो." त्याला चाचांची गोष्ट माहीत आहे, मीच सांगितली. ऐकून म्हणाला होता, मग तर न्यायलाच पाहिजे, आणि शेडसमोर थांबवून लोकांना सांगितलंही पाहिजे. सांगणार कोण, कुठल्या शब्दांत, आणि ऐकल्यावर गावात काय होईल, यावर आमचं भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. लढाईतल्या जीपला किल्ली नसते, नुसता खटका असतो. कार्बोरेटर त्याने परवा जोडून ठेवलाय.