फीत एक, कात्र्या चार

भाच्याने पाडव्याला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान काढलं. गाळा मिळाला, शॉप ॲक्टचा कागद निघाला, मशीन आलं, आणि आता सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत खरा प्रश्न उभा राहिला. फीत कोणाच्या हातून कापायची?

"मामा, नगरसेवकांना बोलवावं म्हणतोय."

"बोलव की. कोणाला?"

"तेच तर."

पुण्यात राहणाऱ्याला हे 'तेच तर' उलगडून सांगावं लागत नाही. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, मामला सुटसुटीत. आमच्याकडे जानेवारी 2026 च्या निवडणुकीत 41 प्रभागांतून 165 जण निवडून गेले. एक प्रभाग पाचांचा, बाकी सगळे चारांचे. मतदानाच्या दिवशी अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबताना मला गंमत वाटली होती. आता तीच चार बटणं भाच्यासमोर ओळीने उभी होती. एकाला बोलवावं तर तिघं लक्षात ठेवणार. चौघांना बोलवावं तर मधोमध कोण उभं राहणार?

तोडगा पत्रिका छापणाऱ्याने काढला. त्याचा यातला अनुभव दांडगा. 'शुभहस्ते' एकाच्या, उरलेल्या तिघांची 'प्रमुख उपस्थिती', आणि टाइपाचा आकार चौघांचा सारखा. चौघांत दोघी ताई. एका ताईंचा नंबर लावला तर फोन त्यांच्या यजमानांनी उचलला, तारीख त्यांनीच लिहून घेतली आणि "मॅडम येतील" हेही त्यांनीच सांगून टाकलं. दुसऱ्या ताईंनी मात्र स्वतः फोन घेतला आणि अभिनंदनाच्या आधी विचारलं, "पायऱ्या कुठवर आल्यात रे दुकानाच्या?" आम्ही हसलो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी भाच्याला विचारून पाहिलं. नगरसेवक आले म्हणून कोणी दोन झेरॉक्स जास्त काढत नाही. तो म्हणाला, "फोटो हवा." दुकानदाराच्या गल्ल्यामागची भिंत नीट बघा. वर गणपती, बाजूला परवाना, आणि त्याच्या शेजारी फीत कापतानाचा फोटो. तो गिऱ्हाइकासाठी नसतोच. फाइल काखेत मारून जो माणूस दारात येतो, त्याची नजर पहिली जिथे पडेल तिथे तो लावलेला असतो. आमच्या जुन्या दुकानदारांना ही जागा इंचाइंचाने ठाऊक आहे.

मधली जवळजवळ चार वर्षं हा फोटो काढायलाच कोणी नव्हतं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक पुढे पुढे जात राहिली. फिती मात्र थांबल्या नाहीत. जिम, सलून, डेअरी, सगळ्यांची उद्घाटनं 'माजीं'च्या आणि 'भावीं'च्या हस्ते झाली. 'भावी नगरसेवक' हे पद कुठल्या कायद्यात आहे कोण जाणे, पण चौकातल्या फ्लेक्सवर त्याला दहीहंडीपासून दहावीच्या निकालापर्यंत सगळी कामं होती. प्रशासक काही सलूनच्या उद्घाटनाला येत नाहीत. त्यांनी यावं असंही नाही. पण ड्रेनेज तुंबलं की रात्री साडेनऊला ज्याच्या दाराची बेल वाजवता येते असा माणूस गेला, की गल्लीला जरा पोरकं वाटतं. 'माजी' मंडळी हे ओळखून बेल वाजली की उठत राहिली. निवडून येण्याची अर्धी तयारी तिथेच होते.

आता कायदा बघायला गेलं तर नगरसेवक आणि धंदा यांच्यामध्ये त्याने भिंत घातलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 10 : महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तो अपात्र. बाकी धंद्याला मनाई नाही. मंगल कार्यालय चालवा, पतसंस्था काढा, प्रतिज्ञापत्रात 'शेती व व्यवसाय' लिहा. त्या 'व व्यवसाय'मध्ये किती काय मावतं, हे प्रभागातलं पोरगंसुद्धा सांगेल.

हे कलम वाचताना मला हटकून जोतीराव फुले आठवतात. माणूस स्वतः ठेकेदार, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवणारा. शिवाय 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचा सदस्य. निवडून आलेला नव्हे, नेमलेला. म्हणजे सरकारी कामावर पोट आणि सरकारी मर्जीवर खुर्ची. असा माणूस हात वर करताना दहादा इकडेतिकडे बघेल. पण 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा हे पैसे शिक्षणाकडे वळवा म्हणत विरोधात गेले ते फुलेच, आणि एकटेच. आज त्यांच्या नावाच्या मंडईत कोथिंबिरीचा भाव करताना हे कोणाच्या डोक्यात नसतं. माझ्याही नसतं.

पाडव्याला चौघंही आले. तबकात मी चार कात्र्या ठेवल्या होत्या, बहिणीची शिवणाची धरून. फीत चार ठिकाणी कापली गेली आणि कोणाचंच काही बिघडलं नाही. नारळ वाढवून झाल्यावर 'शुभहस्ते'वाले साहेब काउंटरशी आले, दहा रुपयांचं पेन उचललं आणि पाचशेची नोट पुढे केली.

"साहेब, तुमच्याकडून कसे घ्यायचे?"

"भवानी आहे. नाही म्हणू नकोस."

नोट दोनदा इकडून तिकडे झाली, फोटोवाल्याने तेवढ्यात तीन फोटो काढले. शेवटी भाच्याने नोट डोळ्यांना लावली, ड्रॉवर उघडला, आणि तसाच उभा राहिला. पहिला दिवस, सुट्टे कुठले?

"राहू दे रे," साहेब म्हणाले, "होईल हिशेब." आणि पुढच्या उद्घाटनाला गेले. भाच्याने कोऱ्या वहीचं पहिलं पान उघडून लिहिलं : साहेब, 490 देणे.

महिनाभराने अतिक्रमणची गाडी आली. भाच्याने भिंतीवरच्या फोटोकडे आधी बघितलं, मग साहेबांना फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे, बघतो." फाइलवाल्याने फोटो बघितला, मान डोलावली आणि टेप काढली. असे फोटो त्याने त्या सकाळीच सहा पाहिले असतील. पायरी नऊ इंच फुटपाथवर.

ताईंना फोन केला तर त्या स्कूटरवरून आल्या. कोणाशी भांडल्या नाहीत. पायरीकडे बघून म्हणाल्या, "मी तेव्हाच विचारलं होतं ना?" गाडीवाल्यांना म्हणाल्या, "आजचा दिवस द्या, हा स्वतः काढतोय." मग आधारच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या, चार रुपये सुट्टे मोजून ठेवले आणि गेल्या. पायरी संध्याकाळी निघाली. आता दुकानात चढताना गुडघा जरा वर घ्यावा लागतो.

साहेब मधूनमधून समोरून जातात. भाचा दरवेळी चारशे नव्वद काढून बाहेर पळतो, आणि दरवेळी गाडीची काच अर्धी खाली येते. "असू दे रे."

परवा वही मिटत तो मला म्हणाला, "मामा, त्यांनी एकदाचे घेतले ना, तर बरं होईल."