सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉलिश आणि घरच्या टेबलावर रॅप : माझा अनुभव

काळ्या गाडीच्या रंगाला मुंबईत सगळ्यात जास्त मार बसतो तो रोज सकाळच्या पुसण्याचा. एका बादलीत पंधरा गाड्या निघतात, फडक्यात बांधकामाची धूळ अडकलेली असते आणि ते फडकं बोनेटवर गोल-गोल फिरतं. उन्हात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात. माझ्या सहा वर्षांच्या हॅचबॅकवरचे असे चरे काढायचे आणि आतल्या चकचकीत काळ्या पट्ट्यांवर ब्रश्ड अॅल्युमिनियम छापाचा विनाइल रॅप, म्हणजे मागे गोंद असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, चढवायचा, असं काम ठरवलं. पूर्ण दोन दिवस लागले आणि त्यातला बराच वेळ नुसत्या सफाईत गेला.

डिसेंबर निवडला तो हवेमुळे. पावसाळ्यात पार्किंगमध्ये काहीच नीट वाळत नाही आणि मे महिन्यात पत्रा इतका तापतो की शॅम्पू धुण्याआधीच सुकतो. आमच्याकडे पाइप लावून गाडी धुवायला मनाई आहे, म्हणून दोन बादल्या : एकात 10 लिटर पाण्याला 30 मिली पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. छतापासून सुरुवात, दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. त्याआधी दोन लिटरच्या हातपंपाच्या फवारणीने फेस मारून पाच मिनिटं ठेवला, म्हणजे जाड माती हात न लावता सुटते. महापालिकेचं पाणी तलावांचं असल्यानं क्षार कमी असतात. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर गाडी लगेच टॉवेलने टिपून घ्यावी. पांढरे डाग एकदा बसले की साध्या धुण्याने जात नाहीत.

धुतल्यावर गाडी स्वच्छ दिसते, पण असतेच असं नाही. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलेलं आहे. रेल्वेरुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे बहुधा लोखंडाचे कण असतात, ब्रेक आणि रुळांच्या घर्षणातून उडालेले. त्यासाठी आयर्न रिमूव्हर फवारायचा. लोखंड सापडलं की तो जांभळा होऊन ओघळतो. वास कुजक्या अंड्यांचा, म्हणून हातमोजे घाला आणि हवा खेळती ठेवा. तीन-चार मिनिटांत, सुकायच्या आत धुऊन टाका. उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, निघते. 50 ग्रॅमचा तुकडा चपटा करून, भरपूर शॅम्पूपाण्यावर, जोर न लावता सरळ रेषेत फिरवला. जमिनीवर पडलेला क्ले पुन्हा वापरू नये. माझा एकदा पडला, अर्धा तुकडा तिथेच कचऱ्यात.

आता पॉलिशचं मशीन. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केसही बहुधा याहून जाड भरतो. चरा काढणं म्हणजे भोवतालचा थर चऱ्याच्या तळापर्यंत उतरवणं, त्यामुळे नखाला लागणारा ओरखडा काढायला जाऊ नये. पेंट गेजने, म्हणजे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने, सगळे पत्रे मोजले : सगळे थर मिळून बोनेट 105 ते 115 मायक्रॉन, मागचा डावा दरवाजा 240, म्हणजे तो पूर्वी पुन्हा रंगवलेला. प्लास्टिकच्या बंपरवर हा गेज चालत नाही, तिथे हात हलकाच ठेवायचा. शिवाय बंपर पत्र्यासारखा उष्णता पसरवत नाही, लगेच तापतो.

ड्युअल अॅक्शन पॉलिशरच वापरा, ज्याचं पॅड फिरता फिरता डगमगतंही. एकाच जागी गरगर फिरणारं रोटरी मशीन नवशिक्याच्या हातात मिनिटभरात रंग जाळतं. काळे प्लास्टिक, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकल्या. कडांवर क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो. आधी दीड फूट चौकोनावर चाचणी : सगळ्यात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश. काम झालं नाही, तरच एक पायरी चढायची. माझ्या गाडीला मध्यम फोम पॅड आणि मध्यम कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) लागलं. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, बंद मशीनने पसरवून मग वेग 4 ते 5. हात सेकंदाला इंचभर, आडव्या-उभ्या मिळून पाच फेऱ्या. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड बसतो त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसेनाशी झाली नाही, थांबली, तर दाब जास्त आहे आणि मशीन नुसतं थरथरतंय. प्रत्येक पत्र्यानंतर पॅड ब्रशने झाडला. हे टाळलं की उतरलेला रंग आणि वाळलेलं कंपाउंड पॅडमध्ये साचतं आणि नवे चरे पडतात. सगळ्या गाडीला मध्यम पॅड चार, मऊ दोन आणि साधारण 100 मिली कंपाउंड लागलं.

पॉलिशमधलं तेल चरे तात्पुरते भरून काढतं, म्हणून कौतुक करण्याआधी ते पुसायचं. 150 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 850 मिली डिस्टिल्ड वॉटर, तेच जे बॅटरीत घालतात. हे फवारून पुसलं की खरं चित्र दिसतं. एका दरवाज्यावर अर्धे चरे परतले, तो भाग पुन्हा केला.

पॉलिशनंतर रंगावर संरक्षक थर चढवायचा असतो. त्यातलं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर कडक होऊन बसणारं द्रव, मुद्दाम टाळलं. दमट हवेत ते झपाट्याने बसतं, पुसायला उशीर झाला की कडक डाग राहतात आणि ते पॉलिशनेच निघतात. उघड्या पार्किंगमध्ये एकट्या माणसाला ते झेपत नाही. त्याऐवजी मेणासारखं पुसून लावायचं सिंथेटिक सीलंट घेतलं, 30 मिली पुरलं. रात्रभर गाडीला पाणी लागू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आतलं काम. रॅप गुळगुळीत भागावरच टिकतो. दाणेदार डॅशबोर्डवर तो फक्त उंचवट्यांना चिकटतो आणि पहिल्या उन्हाळ्यात उठतो. म्हणून फक्त चार खिडक्यांची स्विच पॅनेलं, गिअरभोवतीची चौकट आणि मधली पट्टी. प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगचं झाकण, त्याचा सांधा किंवा पुढच्या खांबांचं अस्तर यांना रॅप अजिबात लावू नये. एअरबॅग उघडायची जागाच बंद होते. इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो आणि मग प्लास्टिकच्या पट्टीने पॅनेलं सोडवली. स्क्रूड्रायव्हरने कड चेपते. दोन क्लिप तुटल्या. तशा क्लिप कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मूठभर मिळतात.

कास्ट (ओतून बनवलेलं) विनाइल घ्या, कॅलेंडर्ड (रुळांत लाटून बनवलेलं) नको. दुसरं स्वस्त असतं, पण वळणावर ताणलं की आक्रसून मागे सरकतं. रोल 1.52 मीटर रुंद असतो, 1 मीटर लांबी भरपूर झाली. ब्रशच्या रेघा सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला याव्यात म्हणून प्रत्येक तुकड्यामागे टेपवर बाण काढला. पंखा बंद, टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसलेली. तुकडा चहूबाजूंनी 3 सेंटिमीटर मोठा कापून, मधून कडेकडे फेल्टच्या पट्टीने दाबत नेला. वळणावर हेअर ड्रायरने ऊब दिली. कड मागे 1 सेंटिमीटर वळवून नव्या ब्लेडने कापली आणि शेवटी हीट गनने कडा 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्या. असं तापवलं नाही तर ताणलेलं विनाइल मूळ आकाराकडे ओढलं जातं.

तीन आठवड्यांनी गिअरच्या चौकटीचा एक कोपरा सुटला. रॅप उचलून पाहिला तर खाचेत डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन चमकत होतं. वरून अल्कोहोलने पुसलं होतं, खाचेत फडकं पोचलंच नव्हतं. कापूस गुंडाळलेल्या काडीने खाच तीनदा पुसली, नुसत्या कोपऱ्यात चिकटपणा वाढवणाऱ्या प्रायमरचं एक बोट ओढलं, पाच मिनिटं वाळू दिलं आणि नवा तुकडा लावला.