महिन्याचे किती?

आयटेक या भारत सरकारच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचा अर्ज सरकारी नोकरांना डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला आहे. शिक्षण, हुद्दा, इंग्रजी कितपत येतं, वरिष्ठांची शिफारस. १९६४ साली भारताने हा कार्यक्रम सुरू केला तो मुळात इतर विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना आपल्याकडे बोलावून शिकवण्यासाठी, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण २००८ पासून याच कार्यक्रमातून आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या, लिहितावाचता न येणाऱ्या बायका राजस्थानात तिलोनियाला सौरदिव्यांचं काम शिकायला येऊ लागल्या. अंगठा उठवणाऱ्या बाईच्या अर्जात ‘हुद्दा’ काय लिहायचा, हे ठरवणं आमच्यासारख्यांच्या वाट्याला आलं. मी तेव्हा टांझानियात, दार-ए-सलामच्या भारतीय उच्चायोगात सेकंड सेक्रेटरी होते.

व्यवस्था कागदावर सोपी होती. विमानभाडं आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च भारत सरकारचा. शिकवणार तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज, समाजसेवक बंकर रॉय यांनी १९७२ साली उभं केलेलं. तिथे भाषेवाचून शिकवतात: रंगांच्या खुणा, हातवारे आणि तेच ते पुन्हा करून घेणं. बाई परत येते ती चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारं यंत्र) जोडायला आणि दुरुस्त करायला शिकून. पॅनेल, बॅटऱ्या, दिवे यांचे पैसे तिसऱ्याच कुणाकडून तरी उभे करावे लागत. आणि गावाने एक समिती नेमून घराघरातून दरमहा ठरावीक रक्कम गोळा करायची, त्यातून बाईचा पगार आणि सुटे भाग.

पसंती पोक्त बायकांना, शक्यतो आज्यांना. कारण रोखठोक आहे. तरुण मुलाला प्रमाणपत्र दिलं की तो ते घेऊन शहर गाठतो. आजी गावातच राहते.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे तो म्त्वारा प्रांतातल्या एका गावातला. टांझानियाच्या अगदी दक्षिण टोकाचा हा प्रांत, पलीकडे रुवुमा नदी आणि मोझांबिक. सगळा मुलुख काजूचा. गावात घरोघरी रॉकेलच्या चिमण्या, आणि मोबाइल मात्र बहुतेकांकडे, तो चार्ज करायला पैसे मोजून दुकानात ठेवायचा. सभा काजूच्या झाडाखाली भरली होती. माझ्याबरोबर जिल्ह्याचे एक अधिकारी, एका स्थानिक संस्थेची कार्यकर्ती आणि आमच्या कार्यालयातले एक सहकारी, जे माझ्या मोडक्या स्वाहिलीला आधार देत. मी वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हटलं, त्यांनी ‘मराहाबा’ म्हणून आशीर्वाद दिला, आणि मग पुरुषांनी चार नावं पुढे केली. चारही पोरगे, सगळे माध्यमिक शाळा पास.

हे अपेक्षितच होतं. बायका हव्यात म्हटल्यावर गावाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या मुलीचं नाव सुचवलं. तेही अपेक्षित. अनपेक्षित होता तो मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याचा प्रश्न. “काजू तुम्ही कच्चा नेता, फोडता तिकडे, मजुरी तिकडच्या लोकांना. आता बायकाही नेणार. त्या तरी इकडे परत येणार ना?” लोक हसले. मीही हसले, पण टोला नेमका बसला होता. टांझानियाचा कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर भारतात येतो आणि आपल्या कारखान्यांत सोलला जातो. प्रक्रिया आमच्याकडेच व्हावी ही त्यांची जुनी मागणी. भागीदारी हा शब्द भाषणात वापरताना मला तो म्हातारा हटकून आठवतो. त्याला मी सांगितलं की बायका परत येतील, आणि काजूबद्दल काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्या अखत्यारीत काही नव्हतं.

शेवटी बायकांनी आपसांत कुजबुज करून एका पन्नाशीच्या आजींना पुढे ढकललं. नवऱ्याने लगेच हरकत घेतली: काजूचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर, नेमकी तेव्हाच ही नसणार. आजींनी त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, “पडलेला काजू वेचायला वाकावं लागतं एवढंच. वाक थोडा.” सभेने तो मुद्दा तिथेच निकालात काढला.

मला वाटलं, झालं. पासपोर्टचे फोटो काढायला कॅमेरा बाहेर काढला. तर आजी म्हणाल्या, “मी जाईन. शिकेन. परत येऊन दिवे लावीन. त्यानंतर महिन्याचे किती?”

जिल्ह्याचे अधिकारी म्हणाले, ते समिती नंतर ठरवेल.

“मग मीही नंतरच ठरवते,” म्हणून त्या खाली बसल्या.

इथे जरा थांबून सांगायला हवं. ‘देखभालीचा खर्च स्थानिक समुदाय उचलेल’ हे वाक्य मी किती मसुद्यांत टाइप केलं असेल. विहीर असो, दवाखाना असो, सौरपंप असो, हे एक वाक्य शेवटच्या पानावर असतं आणि राजधानीतल्या टेबलावर त्याला कुणी हात लावत नाही. त्याच्यावर वाटाघाटी होत नाहीत, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांपैकी कुणालाच ते पैसे द्यायचे नसतात. शाश्वत विकासातलं ‘शाश्वत’ काय ते या वाक्यात असतं, आणि आम्ही सगळा वेळ पहिल्या पानावरच्या रकमेवर घालवतो.

आजींनी मात्र त्या वाक्याची चिरफाड केली. पैसे गोळा कोण करणार? मी नाही, त्या म्हणाल्या. ज्या दिराच्या घरात मी दिवा लावला, त्याच्याकडे मी पैसे मागायला गेले तर तो देणार नाही, आणि मी दिवा काढून आणला तर जावेशी जन्माचं वैर. तेव्हा गोळा करायचे ते समितीने, आणि थकवणाऱ्याचा दिवा उतरवायचा झाला तर तोही अध्यक्षांनी स्वतः येऊन. पेटीला दोन कुलुपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, त्यातली एक बाईकडे. बॅटरी जुनी होऊन गेली तर? तिचे पैसे त्याच पेटीत वेगळे ठेवायचे, माझ्या पगारातून नाही.

मग आकडा. अध्यक्षांनी एक रक्कम सुचवली, ती आजींना हास्यास्पद वाटली. त्यांनी एकेका घराला नावाने विचारायला सुरुवात केली: रॉकेलला किती जातात? टॉर्चच्या सेलना? फोन चार्ज करायला? लोक आधी कमी सांगत, मग शेजारी दुरुस्त करत. बेरीज जमिनीवर काडीने होत होती. फी घरटी त्या बेरजेपेक्षा थोडी कमी ठेवायची, यावर सगळे आले.

पण दर महिन्याला द्यायला हातात पैसा कुणाच्या असतो? हा मुद्दाही त्यांचाच. म्त्वारात २००७ पासून काजू गोदामात जमा करून लिलावाने विकला जातो आणि पैसे सहकारी संस्थेमार्फत शेतकऱ्याला मिळतात. वर्षाचा पैसा येतो तो तेव्हाच. म्हणून ठरलं ते असं: फी काजूच्या पैशातून एकदम कापून पेटीत टाकायची, आणि बाईला त्यातून दरमहा द्यायचं. आमच्या नमुन्यात ‘मासिक वर्गणी’ असं छापलेलं होतं. कार्यकर्तीने ते खोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. असं करायचा मला अधिकार होता की नाही, हे मी आजतागायत तपासलेलं नाही.

ग्रामसचिवांनी हे सगळं सभेच्या वहीत उतरवून मोठ्याने वाचलं. आजींनी एक कलम पुन्हा वाचायला लावलं, दोन किल्ल्यांचं. मगच अंगठा. फोटोला बसताना मात्र त्यांनी हसायला साफ नकार दिला.

दार-ए-सलामला आल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. निवड झालेल्या महिलेचं वय, गाव, प्रवासाची संभाव्य तारीख. पेटी, किल्ल्या, काजू हे सगळं ‘इतर शेरा’मध्ये गेलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. ‘हुद्दा’पुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं, ते खोडून ‘शेतकरी’ केलं.

पुढच्या गावात मी शहाणपण करून पैशांचा विषय सगळ्यांत आधी काढला. दिवे कुणाला हवेत याआधी पैसे देणार कोण आणि केव्हा, हे विचारलं. तासाभरात भांडण लागलं, जुन्या कुठल्याशा विहिरीच्या वर्गणीचा हिशेब निघाला, आणि सभा कुणाचंही नाव न ठरवता उठली. अधिकारी माझ्यावर वैतागले होते. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी विचारलं की अहवालात आता काय लिहिणार. मी म्हटलं, गाव अजून तयार नाही असं लिहीन. ते म्हणाले, तसं लिहू नका, विहिरीचा हिशेब मिटला की त्यांना परत बोलवा. तसंच लिहिलं.