जॉर्ज हॅरिसनच्या मागावर: लिव्हरपूल, हेन्ली आणि वॉटफर्डजवळचा तो वाडा

बीटल्स या बँडमधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची लहानपणीची घरं नॅशनल ट्रस्टने जपून ठेवली आहेत. आगाऊ आरक्षण करायचं, त्यांच्या मिनीबसमधून जायचं आणि आत शिरून जॉनच्या मिमीमावशीचं स्वयंपाकघरसुद्धा बघायचं. जॉर्ज हॅरिसनच्या चाहत्याच्या नशिबी हे सुख नाही. त्याच्या जन्मघरात आज दुसरंच कुटुंब नांदतं, त्याच्या प्रसिद्ध बंगल्याच्या फाटकापाशी थांबून मागे फिरावं लागतं. तरीही ही फेरी करावी असं मी सांगेन. फक्त काय बघायला मिळेल आणि काय नाही, हे आधी पक्कं माहीत हवं, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात लिव्हरपूलपासून करा. लंडनच्या यूस्टनहून लाइम स्ट्रीटला गाडी साधारण सव्वादोन तासांत पोचते. तिकीट ऐनवेळी काढलंत तर खिशाला चांगलीच कात्री लागते, काही आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. दोघं जण असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड घ्या, भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

१२, आर्नल्ड ग्रोव्ह हे घर वेव्हरट्री भागात आहे. बसने पिक्टन घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरलात की पायी थोडंच अंतर. पलीकडून बंद असलेली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, ओटा नाही की अंगण नाही, दार उघडलं की थेट रस्ता. खाली दोन खोल्या, वर दोन, संडास मागच्या बाजूला घराबाहेर. २५ फेब्रुवारी १९४३ ला जॉर्ज इथेच जन्मला, चार भावंडांत शेंडेफळ. वडील हॅरॉल्ड आधी बसचे कंडक्टर, मग ड्रायव्हर. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या कुणालाही या घराची ओळख करून द्यावी लागणार नाही. थोरांच्या घरांवर लावायच्या निळ्या पाट्यांची इंग्लंडभरासाठी नवी योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या पाट्यांपैकी एक २०२४ मध्ये याच भिंतीवर लागली. अनावरण त्याची पत्नी ऑलिव्हिया यांनी केलं. पाटीचा फोटो काढा, पण खिडकीतून आत डोकावू नका आणि गल्लीत मोठ्याने गाणी लावू नका. टूरवाल्यांच्या गर्दीने इथले लोक आधीच कावलेले असणार. सकाळी लवकर गेलात तर गल्ली जवळजवळ तुमचीच असते.

१९५० च्या जानेवारीत हॅरिसन कुटुंब स्पीकमधल्या २५, अप्टन ग्रीन या सरकारी घरात राहायला गेलं. तिथे पहिल्यांदा घरात न्हाणीघर मिळालं. हे घर २०२१ मध्ये लिलावात एका चाहत्याने घेतलं. तिथे मुक्काम करता येतो असं मी वाचलंय, पण नक्की काय ते आधी विचारून घ्या. स्पीकहून शाळेला जाताना जॉर्ज आणि पॉल एकाच बसने जायचे, तिचा क्रमांक ८६. याच मैत्रीतून पुढे एका रात्री बसच्या वरच्या मजल्यावर जॉर्जने जॉनला गिटारवर ‘रॉन्ची’ वाजवून दाखवलं आणि टोळीत जागा मिळवली. ८६ नंबर आजही स्मिथडाउन रोडवरून पेनी लेनच्या बाजूने धावतो. मला विचाराल तर महागड्या टूर बसपेक्षा वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडून या साध्या बसमधून जाण्यात जास्त गंमत आहे. शाळेची इमारत शहरात माउंट स्ट्रीटवर आहे. जॉर्ज १९५९ मध्ये ती कुठलीही परीक्षा पास न होता सोडून गेला. आज तिथे पॉलच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेली कलासंस्था आहे.

मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न क्लबात सगळेच जातात, तुम्हीही जाल. मूळ तळघर १९७३ मध्येच बंद पडलं. आज दिसतं ते १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून परत बांधलेलं. जॉर्जसाठी वेळ राखायचा असेल तर मी तो वेस्ट डर्बीतल्या कॅस्बाला देईन. २९ ऑगस्ट १९५९ ला हा क्लब उघडला. जॉर्ज ज्या दुसऱ्या चौकडीत वाजवायचा तिचं ठरलेलं काम भांडणात मोडलं. मग त्याने जॉन आणि पॉलला गाठलं आणि ‘क्वॉरीमेन’ या टोळीच्या जुन्याच नावाने सगळे तिथे उभे राहिले. सोळा वर्षांच्या पोराने त्या वेळी धावाधाव केली नसती तर ती टोळी तेव्हाच विखुरली असती, असं मला वाटतं. हे एका घराचं तळघर आहे, त्यामुळे आगाऊ वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका.

लंडनमध्ये बीटल्सच्या ॲबी रोड स्टुडिओबाहेरच्या झेब्रा पट्ट्यांवरून चालण्याची हौस असेल तर सेंट जॉन्स वुड स्टेशनला उतरा. ‘ॲबी रोड’ याच नावाचं एक स्टेशन शहराच्या पार पूर्वेला आहे, त्याचा या स्टुडिओशी काहीही संबंध नाही. स्टुडिओत आत सोडत नाहीत, बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर चाहते नावं लिहितात. तिथे उभं राहून मला मात्र एक नाव आठवलं. एप्रिल १९६६ मध्ये ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी इथे तबला वाजवला तो अनिल भागवत यांनी, आणि ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर ते नाव छापलेलं आहे. भागवत आडनाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारणारच.

त्याच वर्षी जॉर्जची पंडित रविशंकरांशी गाठ पडली आणि शरदात तो सतार शिकायला मुंबईत ताजमध्ये येऊन राहिला. ओळखू येऊ नये म्हणून मिशा वाढवल्या होत्या, पण चाहत्यांनी हुडकलंच. शेवटी शिकवणी काश्मीरच्या हाउसबोटीवर हलवावी लागली. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. ‘द इनर लाइट’चं संगीत तिथलं. त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि सरोद आशिष खान यांचं. ते गाणं त्या मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर जॉर्जचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे हेही स्थळ या फेरीतलंच, फक्त त्यासाठी व्हिसा लागत नाही.

हेन्लीला जायचं तर पॅडिंग्टनहून निघून ट्वायफर्डला गाडी बदलावी लागते. शेवटचा टप्पा थेम्सकाठच्या चिमुकल्या फाट्यावरचा आहे. परतीच्या गाड्यांच्या वेळा बघूनच निघा. बाजारचौकातून वर गेलं की फ्रायर पार्कचं फाटक लागतं. सर फ्रँक क्रिस्प नावाच्या एका वकिलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा विक्षिप्त वाडा बांधला. शंभरावर खोल्या, भुयारं, तळी, बागेत मॅटरहॉर्न शिखराची दगडी प्रतिकृती आणि ‘हिरवळीवरून चालायचं सोडू नका’ अशा थाटाच्या पाट्या. क्रिस्पच्या काळी लोकांना ही बाग बघायला मिळायची. नंतर तिथे ख्रिस्ती जोगिणींची शाळा होती. १९७० मध्ये जॉर्जने घेतला तेव्हा वाडा जवळपास पाडला जाण्याच्या बेतात होता. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’च्या वेष्टनावर हिरवळीवरच्या बुटक्यांच्या पुतळ्यांमध्ये तो बसलाय, ती हिरवळ इथलीच. पुढे त्याने गिटारपेक्षा खुरपं जास्त धरलं. १९८० मधलं आपलं आत्मकथन त्याने जगभरच्या माळ्यांना अर्पण केलं. डिसेंबर १९९९ मध्ये घरात घुसून एकाने त्याच्यावर सुरीने वार केले, तेही इथेच. फाटक आज बंद असतं आणि ते बंदच असायला हवं. फाटकाचा एक फोटो काढायचा आणि नदीकाठी येऊन चहा घ्यायचा. फक्त या फोटोसाठी लंडनहून अर्धा दिवस घालवू नका. नदी, जुनं गाव आणि निवांतपणा हवा असेल तरच जा.

आता त्या दुसऱ्या वाड्याकडे. हार्टफर्डशरमध्ये वॉटफर्डजवळच्या लेचमोर हीथ गावापाशी पिगट्स मॅनर नावाची जुनी हवेली आहे. तिथे एका रुग्णालयाच्या परिचारिकांचं प्रशिक्षण चालायचं. १९७३ मध्ये जॉर्जने ती विकत घेऊन कृष्णभक्तांच्या संस्थेला देऊन टाकली. त्याआधी १९६९ मध्ये त्याने लंडनच्या भक्तांकडून ‘हरे कृष्ण’ मंत्राची तबकडी करवून घेतली होती. ती ब्रिटनच्या पहिल्या वीसांत पोचली होती. हवेलीचं नाव आता भक्तिवेदांत मॅनर. राधा-गोकुळानंदाचं देऊळ, संस्थेचे संस्थापक प्रभुपाद यांची जशीच्या तशी ठेवलेली खोली, मोठी गोशाळा आणि जॉर्जच्या नावाची छोटी बाग आहे. प्रवेशाला पैसे नाहीत.

हॅरोला राहणारी माझी मावसबहीण म्हणाली, “अगं, आम्ही जन्माष्टमीला दरवर्षी जातो, पण बागेतली ती पाटी कधी वाचलीच नाही.” तिच्यासाठी ते देऊळच, आणि जॉर्ज हा केवळ दाता. प्रसादाच्या रांगेत भात, भाजी, शिरा मिळाला, कांदा-लसूण अर्थातच नाही. शेजारी एक गोरे आजोबा हातांनी जेवत होते, माझ्यापेक्षा सफाईने.

या देवळाचाही झगडा झालाय. सणाच्या गर्दीने गावातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्या अडायच्या. त्यावरून स्थानिक कौन्सिलने सार्वजनिक पूजेलाच आक्षेप घेतला. लंडनच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. शेवटी १९९६ मध्ये सरकारने गाव टाळून जाणाऱ्या नव्या रस्त्याला परवानगी दिली आणि पूजा चालू राहिली. तुम्ही गाडीने जाल तेव्हा त्याच रस्त्याने जाल. कृपा करून गावातला जवळचा रस्ता शोधू नका, गुगलबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

गाडी नसेल तर रॅडलेट स्टेशनला उतरा आणि तिथून टॅक्सी घ्या. रविवारी आणि सणाला संस्थेच्या बसची सोय आहे का ते फोन करून विचारा. आरतीच्या वेळा आधी बघून ठेवा, मध्येच दर्शन बंद असतं. जन्माष्टमीला हजारोंनी लोक येतात, तेव्हा बाग निवांत बघायला मिळणार नाही. मधल्या वारी दुपारी जा. पायात सहज निघतील असे बूट घाला, गोशाळेच्या वाटेवर इंग्लंडचा चिखल असतो. दोनच दिवस हाताशी असतील तर एक लिव्हरपूलला आणि एक इथे द्या, हेन्ली खुशाल वगळा.