थांबायला हवं होतं म्हणे

ओमने दुपारी अंडरटेकर या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानाची ती जेद्दाहच्या (सौदी) मॅचची क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली, खाली हसरे चेहरे. "आत्या, हा बघ तुझा अंडरटेकर." त्यात रागावण्यासारखं काही नाही, वयच तसं आहे त्याचं. पण त्याखाली दादाने लिहिलं, "याने कधीच थांबायला हवं होतं." तेव्हापासून कशात लक्ष नाही. आमटी खारट झाली, कोणी बोललं नाही.

दादाने हे लिहावं? पत्ते वाटताना अंडरटेकरचं कार्ड माझ्याकडे गेलं तर जेवायला न बसणारा दादा! हा माणूस सात वेळा मरून परत आलाय, असं गल्लीतल्या पोरांना छातीठोकपणे सांगणारा दादा. १९९४ मध्ये रॉयल रंबल या कार्यक्रमात दहा जणांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबलं, तो महिनोन् महिने दिसला नाही आणि ऑगस्टमध्ये उगवला. आम्हाला तेवढं पुरलं. टीव्हीवर त्याच्या येण्याची घंटा वाजून रिंगवरचे दिवे गेले की आई कपाळावर हात मारायची, "लागलं यांचं मसण."

क्लिप मला पाठ आहे. ७ जून २०१९. समोर गोल्डबर्ग, तोही जुना पैलवान, वय ५२. हा ५४ चा. गोल्डबर्गचं डोकं आधीच खांबावर आपटलेलं, कपाळातून रक्त, भान निम्मं गेलेलं. तशात तो याला उचलून आडवा टाकायला जातो, वजन पेलत नाही आणि अंडरटेकर सरळ डोक्यावर येतो. हसायचं काय आहे त्यात? त्या दिवशी मान मोडली असती. शेवटी हा जिंकतो, पण जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. माझ्या आवडीच्या गोष्टी घरात कायमच हसण्यावारी जातात, ते असो.

कधी थांबायला हवं होतं, ते तरी सांगा. २२ नोव्हेंबर १९९० ला हार्टफर्डमध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. त्याआधी डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीत होता, तिथे त्याचं कोणाला मोल नव्हतं. वर्षभरात त्याने तेव्हाचा चॅम्पियन हल्क हॉगनकडून बेल्ट घेतला. पुढे हॉगन तिकडे गेला, १९९६ मध्ये हॉल आणि नॅश हे पैलवान गेले, इकडे कंपनी टेकीला आली तरी हा हलला नाही. १९९८ मध्ये पिट्सबर्गला त्याने मॅनकाइंड या पैलवानाला सुमारे १६ फुटी पिंजऱ्यावरून खाली फेकलं. ते सगळ्यांना आठवतं. त्या रात्री वर उभ्या असलेल्या अंडरटेकरचं पाऊल मोडलेलं होतं, ते कोणाला आठवत नाही. मोडक्या पायाने तो त्या जाळीवर चढला होता. तेव्हा कोणी म्हणालं नाही, थांब.

मग २०१४. न्यू ऑर्लिन्स. रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात त्याने ओळीने २१ मॅच जिंकलेल्या, २२ वी ब्रॉक लेस्नरने घेतली. पाऊण लाख माणूस गप्प, मोठ्या पडद्यावर २१-१. डोक्याला इतका मार बसला होता की तो दिवस त्याला जवळजवळ आठवतच नाही, असं त्यानेच पुढे सांगितलं. तिथे थांबायचं? जो दिवस आठवत नाही, त्यावर इतक्या वर्षांचं काम बंद करायचं? २०१७ मध्ये रोमन रेन्सकडून हरल्यावर त्याने हातमोजे काढून रिंगच्या मधोमध ठेवले. मग कोट काढून नीट घडी घातली, त्यावर टोपी. बायको कठड्यापाशी होती, खाली उतरून तिच्याजवळ गेला आणि मग निघाला. मी रडले होते. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षी तो परत आला, तेव्हाही लोक चिडले. मला मात्र बरं वाटलं होतं.

दुसऱ्याने कधी थांबावं हे लोक किती पटकन ठरवतात. बसल्या जागी. दादाचं हल्ली प्रत्येक बाबतीत तेच चाललंय, डॉक्टर म्हणाले, वहिनी म्हणाली. बाबा समोर बसलेले असतात आणि दुकानाचं बोलणं त्यांना वगळून चालतं. त्या दिवशी शिडीवरून... नको, त्यावर आज लिहीत नाही.

रात्री जेवणानंतर २०२० ची एजे स्टाइल्सबरोबरची मॅच पुन्हा लावली. ती मॅच कशी, स्मशानाचा देखावा, अंधार, प्रेक्षक कोणीच नाहीत. थांबत थांबत चित्रित केलेली, त्यामुळे दम लागला तर लागला, तुकडे जोडता येतात. त्याच्या गुडघ्यांना आणि खुब्याला जे झेपेल तेवढंच मागितलंय, आणि तेवढ्यात तो केवढा दिसतो! शेवटी मोटरसायकलवर बसून निघून जातो. ते बघून त्याचं त्यालाच समाधान झालं आणि त्याने थांबायचं ठरवलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही. २२ नोव्हेंबर २०२० ला निरोप घेतला, पहिल्या दिवसापासून बरोबर तीस वर्षांनी. करोनामुळे समोर खुर्च्यांवर माणसं नव्हती, घरून बघणाऱ्यांचे चेहरे दाखवणारे नुसते पडदे. वाईट वाटतं, पण जेद्दाहइतकं नाही. जेद्दाहही त्याचंच, हे आता म्हणता येतंय मला. गाळून काय उरणार?

ओमला २००९ ची शॉन मायकल्सबरोबरची पूर्ण मॅच पाठवली. बघेल तेव्हा बघेल.

रविवारी मी दादाशी बोलणार आहे. शटर उचलायला आणि माळ्यावरचा माल काढायला मुलगा ठेवू, पगार मी देईन. गल्ल्यावर बाबाच बसतील, उधारीची वहीही त्यांच्याकडेच राहील. दुकान बंद करायचा विषय निघाला तर तो बाबांनी काढायचा.