रत्नागिरीचं दीपगृह: सहलीबरोबर नको, एसटीनं जा

‘ऐतिहासिक दीपगृहाच्या गॅलरीतून सूर्यास्त’ असं सहलीच्या जाहिरातीत ठळक छापलं होतं. सूर्यास्ताला तिथं कुणालाच थांबू देत नाहीत. दिवा लावायची वेळ तीच, त्यामुळं सूर्य टेकायच्या आत कर्मचारी सगळ्यांना खाली काढतात. हे सहलवाल्यांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कोल्हापुरातून पहाटे निघालो. शिवाजी पूल ओलांडल्यापासून आंबा घाट उतरेपर्यंत गाईड पन्हाळा आणि पावनखिंडीवर बोलत होता. पोरगा चांगलं बोलतो, पण ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. दीपगृहाबद्दल एवढंच सांगितलं, की ते १८६७ सालचं आहे.

आम्ही पोचलो भर दुपारी, तेव्हा फाटकाला कुलूप. पर्यटकांना दुपार कलल्यावरच आत सोडतात. मधला वेळ थिबा राजवाड्यात काढला.

आता मुद्द्याचं. मनोरा तसा बुटकाच आहे, उंची टेकडीनंच दिलीय. गोल जिना कुणीही चढेल. पण शेवटी दिव्याच्या खोलीत जायला जवळजवळ उभी लोखंडी शिडी आहे, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. चढणारे आणि उतरणारे दोघांनाही तीच. अख्खी बस एकदम आत घुसवल्यावर काय होणार? वर चढलेला खाली येईना, खालचा मागं सरकेना. माझ्या डोक्यावर कुणाची तरी चप्पल, खाली एका काकूंचा पदर गजात अडकलेला, आणि गाईड बाहेरून ‘लवकर, लवकर’ ओरडतोय. गुडघे दुखत असतील तर शिडीपाशीच थांबा, लाजू नका. पाठीवरची सॅक खालीच ठेवा. उतरताना तोंड शिडीकडं ठेवा. पुढं तोंड करून ऐटीत उतरणारे दोघं घसरले.

वर मात्र पैसे वसूल. दिव्याभोवतीचं भिंग उजेड गोळा करून समुद्राकडं झोत फेकतं. दिवसा तेच उलटं होतं, ऊन आत शिरून एकवटतं आणि जाळू शकतं, म्हणून पडदे ओढलेले असतात. हे तिथल्या कर्मचाऱ्यानं सांगितलं, गाईडनं नव्हे. गॅलरीत वारा असा, की टोपी घालून जाऊच नका. एका बाजूला मिरकरवाडा बंदर, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी.

सहलीच्या बिलात ‘दीपगृह दर्शन’ म्हणून माणशी तीनशे लावले होते. खिडकीवरचं तिकीट दहा-वीस रुपयांच्या घरात. उरलेले कशाचे, विचारलं तर ‘व्यवस्थापन’ म्हणाले. कसलं डोंबलाचं व्यवस्थापन!

म्हणून सांगतो. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळची रत्नागिरी एसटी धरा, साडेतीन-चार तास धरून चाला. स्टँडवरून रिक्षा करा, भाडं आधी ठरवा. शेजारच्या रत्नदुर्ग किल्ल्यातलं भगवती मंदिर आधी बघा, फाटक उघडताना पहिल्या दहांत उभे राहा म्हणजे शिडी मोकळी मिळेल. सूर्यास्त किल्ल्याच्या तटावरून बघा, तो फुकट आहे. पण मग त्याच रात्री परतायचा हट्ट नको, अंधारात आंबा घाट धुक्यात सापडला की गाडी मुंगीच्या पावलानं चालते. आम्ही मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी टेकलो.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे होतं म्हणे. मी गेलोच नाही, झोपलो.