पाहुण्यांना कुठली डोंगरधार दाखवू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दिवाळी संपली की हा प्रश्न येतोच: "बाहेरगावचे मित्र येतायत, हातात एकच दिवस आहे. नुसता गड चढून उतरायचा नाही, दिवसभर डोंगराच्या धारेवरून चालत इकडून तिकडे जायचंय. कात्रज-सिंहगड करू की राजगड-तोरणा?"

माझं उत्तर आदल्या संध्याकाळी ठरतं, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर. पाहुण्यांना गप्पा मारत वर नेते आणि उतरताना मुद्दाम मागे राहते. चढताना सगळेच बहाद्दर. दम लागला तरी फोटोच्या निमित्तानं थांबता येतं. उतरताना मात्र काही लपत नाही. बारीक मुरमावर कोण टाच रोवून उतरतंय, कोण झुडपाला धरतंय, कोण खेकड्यासारखं आडवं सरकतंय, सगळं वीस मिनिटांत कळतं. बंगळुरूची माझी मैत्रीण रोज दहा किलोमीटर पळते. टेकडी उतरताना तिची पावलं अशी अडखळली की मनातला राजगड-तोरणा मी तिथेच रद्द केला. तिच्या नवऱ्याचं पोट सुटलेलं, पण उतरताना बोकडासारखा! लहानपण कोकणात गेलेलं, हे नंतर समजलं.

उतरण्यावर एवढा भर का, तर आपले डोंगरच तसे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खन तयार झालं. म्हणून सरळसोट कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा अशी रचना. या खडकाला भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, आणि स्वीडिश भाषेतला त्याचा मूळ शब्द जिन्यासाठी आहे. जिना चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे.

कात्रज-सिंहगड म्हणजे असे डझनभर जिने एकापाठोपाठ. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ वर चढायचं आणि भुलेश्वर रांगेच्या धारेवरून पश्चिमेला चालत सिंहगडाचा घाटरस्ता गाठायचा. अंतर साधारण चौदा-पंधरा किलोमीटर. टेकड्या किती, यावर पुण्यात एकमत नाही. कोणी तेरा सांगतं, कोणी सोळा, आणि प्रत्येकानं स्वतः मोजलेल्या असतात. उजव्या हाताला अख्खं पुणे पसरलेलं, डावीकडे सातारा रस्त्यावरचे ट्रक. समोर सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर सकाळपासून दिसत राहतो, जवळ मात्र येत नाही. नवख्या माणसाला तो टॉवर फार छळतो.

या वाटेवर सावली नाही, पाणी नाही. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की उतारांवर घसारा होतो. पाय ठेवावा तर खडे आधी निघून जातात. माणशी चार लिटर पाणी, आणि तेही स्वतःच्या पाठीवर. तरी पहिल्यांदा येणाऱ्यांना मी बहुतेक वेळा हीच वाट देते. एक तर सुरुवात शहराला लागून आहे, पहाटे रिक्षानेही पोचता येतं. दुसरं, दर दोन टेकड्यांच्या मध्ये खिंड आहे आणि तिथून खालच्या वाड्यांकडे पायवाटा उतरतात. कोणाचं बिनसलं तर अर्ध्यात सोडता येतं.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दिल्लीच्या एका मित्राला घेऊन गेले होते. त्याचे बूट भारी, डोंगरातलेच, पण आठेक वर्षं कपाटात पडलेले. पाचव्या टेकडीवर उजव्या बुटाचा तळ जबडा उघडावा तसा सुटला. हाताने दाबला तर आतला फोम शिळ्या केकसारखा चुरला. अशा तळाच्या आतला थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि नुसता ठेवून दिला तरी हवेतल्या ओलाव्याने तो सडत जातो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! मी त्याच्या वेताळ टेकडीवरच्या चालीकडे पाहिलं होतं, बुटाकडे नाही. त्यात टेकडीवर तो स्पोर्ट्स शूज घालून आला होता.

माझ्या ओढणीने बूट बांधला आणि पुढच्या खिंडीतून डावीकडे उतरलो. पहिल्याच घराच्या ओसरीवर एक आजी लसूण निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग बुटाकडे बघून विचारलं, "केवढ्याचा?" त्याने खरी किंमत सांगितली. आजी आत गेल्या, सुतळीचा गुंडा आणि नातवाची रबरी चप्पल घेऊन आल्या. "लेकरा, हीच घाल. तो बांधून पिशवीत टाक." दुधाच्या टेम्पोतून आम्ही सातारा रस्त्याला लागलो. दिल्लीवाला आजही सिंहगडाबद्दल चकार शब्द काढत नाही, आजींबद्दल मात्र तासभर बोलतो.

राजगड-तोरणा ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही मला "सगळ्यात सुंदर कुठली" असं विचारलं असतंत तर उत्तर एका ओळीत संपलं असतं. पहाटे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून निघायचं, चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर यायचं, टाक्या-तळ्यांच्या पाण्याची अवस्था बघून बाटल्या भरायच्या की नाही ते ठरवायचं. बालेकिल्ला खुणावतो, पण तो या दिवशी सोडायचा. पाहुण्यांना हे पटत नाही. सुमारे पंचवीस वर्षं महाराजांची राजधानी असलेल्या गडावर येऊन बालेकिल्ला बघायचा नाही म्हणजे काय! शिवाय २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. पण बालेकिल्ल्यापायी एकदीड तास गेला की संध्याकाळी तोरण्याच्या कातळात अंधार गाठतो. बालेकिल्ल्यासाठी पुन्हा या म्हणावं.

मग संजीवनी माची. ही मात्र घाईने पार करू नका. लांब सोंडेवर दुहेरी तट आहे, दोन भिंतींमधली जागा एका माणसापुरती. मी पाहुण्यांना तिथे आत उतरवते आणि काही न सांगता पुढे चालायला लावते. दोन्ही बाजूंना काळा दगड, वर आकाशाची पट्टी. मग आळू दरवाज्याने बाहेर पडलं की एकदम समोर सगळी धार उलगडते आणि टोकाला तोरण्याचा बुधला नावाचा सुळका. उजवीकडे गुंजवणी धरणाचं पाणी, डावीकडे भाटघरचं. इथे गप्पिष्ट माणसंही गप्प होतात. तोरण्याची उंची १४०३ मीटर हे इथे सांगू नये, चेहरे उतरतात.

मध्ये तोरण्याखालच्या वेल्ह्याकडून भुतोंड्याला जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो. सुटका करून घ्यायची ती इथेच. त्यापुढे परतीची सोपी वाट नाही, आणि बुधला माचीखालचा कातळटप्पा सगळं थकल्यावर, दिवसाच्या शेवटी येतो. म्हणून या रस्त्यावर बसून मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारते. सगळ्यांसमोर विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. आणि अत्तर, डिओ काही लावून येऊ नये. या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात.

वेल्ह्यात उतरायला तोरण्यावरून दोनेक तास लागतात. गाडी सकाळी गुंजवण्याला सोडलेली असते, ती आणणार कोण? हे आधी ठरवलेलं नसेल तर दिवसभराची मैत्री त्या अर्ध्या तासात जाते. जीपवाल्याशी आधी बोलून ठेवा.

लहान मुलं किंवा साठीपलीकडचे कोणी बरोबर असतील तर दोन्ही विसरा. लोकलने मळवलीला उतरा, भाजे लेणी बघा, गायमुख खिंडीतून लोहगड-विसापूर करा.

आणि हो, पौर्णिमेला रात्री कात्रज-सिंहगड करू का, हेही बरेच जण विचारतात. उन्हाचा त्रास नसतो, खरं आहे. पण पाहुणे सह्याद्री बघायला आलेत ना? रात्री त्यांना पुढच्याच्या टाचा दिसतात आणि मागच्याचा स्पीकर ऐकू येतो. त्यापेक्षा पहाटे साडेपाचला बोगद्यापासून निघा. थंडीत सूर्य सातच्या सुमारास येतो, तोवर पहिली टेकडी होते. पश्चिमेला चालत असल्याने ऊन आधी पाठीवर राहतं, दुपारी डाव्या गालावर येतं. तिन्हीसांजेच्या आत गडावर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही.

तुमच्या पाहुण्यांपैकी कोण कसं उतरतं हे मला माहीत नाही, त्यामुळे वाट आत्ताच सांगत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना वेताळ टेकडीवर घेऊन या, मी येते. डोंगरात जे बूट घालणार तेच घालून यायला सांगा. आणि त्याआधी त्या बुटांचे तळ अंगठ्याने जोरात दाबून बघायला सांगा.